थोरल्या दिरांचं नाव

कुल्पाशला हसऱ्या माणसांची धास्ती होती. रागावलेला माणूस काय करणार ते आधी कळतं. ओरडेल, फार तर हात उगारेल. हसणाऱ्याचं तसं नाही, असं तिचं म्हणणं, आणि ते तिनं सोसून शिकलेलं होतं. पलीकडे, म्हणजे सीमेच्या त्या बाजूला असताना, सरकारी हुकमानं तिच्या घरी एक ‘नातलग’ राहायला यायची. गोरीगोमटी, गुबगुबीत, तोंडभर हसणारी बाई. महिन्यातला एक आठवडा हिच्या गाद्यांवर झोपायची, हिच्या हातचा मीठ घातलेला दुधाचा चहा प्यायची आणि लाडीगोडीनं विचारायची, "तुला नमाज कुणी गं शिकवला? या भिंतीवर आधी काय टांगलं होतं?" उत्तर मिळालं की लगेच वहीत. तिच्या पाचव्या फेरीनंतर कुल्पाशच्या थोरल्या दिरांना शिकायला नेलं. साठीला टेकलेला माणूस, तीस वर्षं स्वतः मास्तरकी केलेला, आणि त्याला म्हणे शिकायला नेलं. पलीकडे तुरुंगाला शाळा म्हणतात.

त्यांचा गुन्हा एवढाच, की त्यांच्याकडे एक वही सापडली. त्यात घराण्याच्या बावीस पिढ्यांची नावं होती, बापापासून थेट मूळपुरुषापर्यंत. आमच्या लोकांत, सीमेच्या दोन्हीकडे, पोराला सात पिढ्यांची नावं तरी पाठ यावी लागतात, न येणाऱ्याला लोक अनाथ म्हणून हिणवतात. मास्तरांनी बावीस लिहून ठेवली होती. कुल्पाशनं यातून एकच धडा घेतला. नाव कागदावर गेलं की माणूस गेला.

ती अलीकडे आली ती मयतीच्या निमित्तानं. सीमेलगतच्या जारकेंत गावाजवळच्या खेड्यात चुलतसासू वारली आणि देव जाणे कुणाच्या चुकीनं हिला तीस दिवसांचा परवाना मिळाला. विसाव्या दिवशी मुलीचा निरोप आला: ‘आई, तुझ्या नावानं शाळेचं बोलावणं आलंय. मला फोन करू नकोस.’ त्यानंतर मुलीचा नंबर बंद. बावन्न वर्षांच्या त्या बाईनं रात्रभर छताकडे बघत विचार केला आणि सकाळी आपल्या धाकट्या जावेला, राइखानला म्हणाली, "मला परत नाही जायचं. काय करावं लागतं?"

करावं लागतं ते असं, की ‘मला माझ्या देशात धोका आहे, मला इथं आसरा द्या’ असा अर्ज शहरातल्या कचेरीत द्यायचा, मुलाखत द्यायची आणि धोका खरा आहे हे पटवायचं. पटलं तर कागद मिळतो. नाही पटलं तर बस, सीमेवरचं फाटक, आणि फाटकापलीकडे वाट बघत उभी असलेली गाडी. मधलं काही नाही.

राइखान ही वारलेल्या म्हातारीची सून. तिचा नवरा ट्रक चालवायचा, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. त्यामुळे घरात या दोघी जावा, दोन गाई आणि संशय. कुल्पाश झोपताना फोन टॉवेलात गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवायची. जेवायला बसली तर दाराकडे तोंड करून. कुणी हाक मारली तर आधी पडद्याच्या फटीतून बघणार, मग ओ देणार. पहिल्या पहिल्यांदा राइखानला वाईट वाटलं, मग हसू यायला लागलं, मग राग.

"जाऊबाई, ती शेजारची दूध मागायला आली होती. तुम्ही तिला कोठाराच्या मागून काय बघत होता?"

"ती दर मंगळवारीच का येते?"

"कारण मंगळवारी तिचं दूध संपतं."

"सोमवारी का नाही संपत?"

राइखाननं हात टेकले.

अर्ज राइखाननंच लिहिला. दुसरा इलाजच नव्हता. भाषा दोन्हीकडे एकच, पण पलीकडे आमचे लोक उजवीकडून डावीकडे लिहितात आणि अलीकडे रशियनांची अक्षरं. कुल्पाशला आपल्याच भाषेतली एक ओळ इथं वाचता येत नव्हती. ती बोलत गेली, राइखान लिहीत गेली. लिहून झाल्यावर कुल्पाशनं कागद उचलून उजेडात धरला.

"मी एवढंसं बोलले. हे दीड पान कसं झालं?"

"तुम्ही तासभर बोलत होता, जाऊबाई."

"वाच."

राइखाननं वाचलं. घर वाचलं, गाव वाचलं, हसरी बाई वाचली, वही वाचली. आणि जिथं थोरल्या दिरांचा विषय आला तिथं ती घुटमळली, बोट एका शब्दावरून पुढं सरकलं, आणि ती म्हणाली, "...यांना मार्चमध्ये नेलं."

कुल्पाशच्या मनात पाल चुकचुकली. तिथं एक शब्द होता. दोन शब्द होते. तिनं डोळ्यांनी पाहिले. वाचले नाहीत. का नाही वाचले? आणि तिनं तर दिरांचं नाव सांगितलंच नव्हतं, मग हिनं लिहिलं काय? ताकास तूर लागू न देता तिनं कागदाची घडी घातली, पण त्या रात्री फोनबरोबर पासपोर्टही पिठाच्या डब्यात गेला.

नाव सांगितलं नव्हतं, कारण सांगता येत नव्हतं. इथंच सगळं घोडं पेंड खात होतं. आमच्यात सून सासरच्या थोरांची नावं घेत नाही. सासरा, दीर, नवऱ्याचा चुलता, कुणाचंच नाही. लग्न झालं की पहिल्याच आठवड्यात ती सगळ्यांना आपली नावं ठेवते, आणि मग मरेपर्यंत तीच. कुल्पाश एकोणिसाव्या वर्षी त्या घरात आली. थोरले दीर उंच, उजळ, हळू बोलणारे. त्यांना तिनं नाव ठेवलं ‘अक-आगा’, गोरे दादा. सासऱ्यांच्या तर नावातच लोखंड होतं, आमच्या भाषेत ‘तेमिर’, म्हणून लोखंड हा शब्दसुद्धा तिच्या तोंडातून गेला. लोखंडाला ती ‘काळं’ म्हणायची. तेहतीस वर्षं. राइखानकडे चुलीजवळ बसून म्हणायची, "तो काळा सांडसा दे इकडे," आणि सांडसा पितळेचा असेल तर म्हणायची, "हा नव्हे, काळ्याचा."

इकडच्या सुना मात्र सुधारलेल्या. नवऱ्यालाही भर बाजारात नावानं हाका मारतात, हे कुल्पाशनं पहिल्याच आठवड्यात पाहून ठेवलं होतं. राइखानही त्यातलीच, असं तिनं गृहीत धरलं.

अक-आगांशी ती तेहतीस वर्षांत समोरासमोर बसून शंभर वाक्यंही बोलली नसेल. ते अंगणात शिरताना खोकायचे, म्हणजे हिला डोईवर रुमाल घ्यायला सवड मिळावी. हिचा नवरा गेला त्या वर्षापासून दर हिवाळ्यात पहिल्या बर्फाआधी दारात कोळशाची पोती येऊन पडायची. कुणी आणली हे त्यांनी कधी सांगितलं नाही, तिनं कधी विचारलं नाही. फक्त खोकल्याचा आवाज यायचा. त्यांना नेलं त्यानंतरच्या हिवाळ्यात कोळसा आला नाही, आणि कुल्पाश पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

पहिली मुलाखत ऑक्टोबरात झाली. शेअर टॅक्सीनं पाच तास जाऊन ती शहरात पोचली. मुलाखत घेणारा अर्मात नावाचा तरुण अधिकारी, शहरात वाढलेला. आपलीच भाषा बोलताना प्रत्येक शब्द आधी चाचपून बघायचा. आणि तो हसला. म्हणाला, "या मावशी, बसा. चहा घ्या." कुल्पाशनं मनात म्हटलं, झालं. आता गोडीगोडीनं विचारणार. चहाला तिनं हातही लावला नाही. टेबलावर एक छोटं यंत्र होतं, त्यात लाल दिवा. बोललेलं सगळं त्यात जात होतं, आणि त्यातून कुठं जात होतं हे कुणाला माहीत.

"तुमच्या घरातून कुणाला नेलं?"

"थोरल्या दिरांना."

"त्यांचं नाव?"

"अक-आगा."

अर्मातनं कागद पाहिला. "इथं दुसरंच लिहिलंय."

"असेल."

"मग खरं कुठलं?"

"दोन्ही."

"कागदावरचं नाव तुमच्या तोंडून ऐकू दे."

कुल्पाशनं लाल दिव्याकडे पाहिलं. कागदावर आहे ना, मग यंत्राला कशाला ऐकवायचंय? माझा आवाज आणि ते नाव एकत्र हवंय याला. उद्या पलीकडे कुणी माझ्या मुलीला बसवून ऐकवेल, ओळख, ही तुझी आई ना? जीभ रिवाजानं बांधलेली होतीच, भीतीनं तिला आणखी एक गाठ मारली.

"मावशी, हा अर्ज तुम्हीच लिहिलाय ना?"

"जावेनं. मला ही अक्षरं येत नाहीत."

"म्हणजे त्यात काय लिहिलंय हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि ज्याच्यामुळं तुम्हाला धोका आहे म्हणता त्या माणसाचं नाव तुम्हाला येत नाही." अर्मातचं हसू आता गेलं होतं. "दोन महिन्यांत आमच्याकडे तीन खोटी माणसं आली. कुणी पाठवलेली, काय ऐकायला आलेली, अजून कळलं नाही. तुम्हाला आणखी एक तारीख देतो. त्या दिवशी हे नातं पटलं नाही तर फाइल बंद. समजतंय ना?"

तिला समजलं. आणि गंमत म्हणजे तिला अर्मातबद्दल पहिल्यांदाच जरा बरं वाटलं, कारण तो हसायचा थांबला होता.

तारीख दोन महिन्यांनंतरची. परतीच्या टॅक्सीत तिनं ठरवलं, नाव घ्यायचं. जीव राहिला तर रिवाज, नाहीतर मेलेल्या सुनेची मर्यादा काय चाटायची आहे? घरी राइखाननं विचारलं, "काय झालं?" तर म्हणाली, "काही नाही."

दुसऱ्या दिवसापासून धार काढताना तिनं सराव सुरू केला. गोठ्यात, गाईच्या पोटाला कपाळ टेकवून. पहिल्या दिवशी पहिलं अक्षर बाहेर आलं आणि कानशिलं तापली. गाईनं मान वळवून बघितलं, तिनं गाईचीसुद्धा लाज धरली. आठवड्याभरानं अर्धं नाव आलं. नोव्हेंबर संपता संपता पूर्ण नाव दुधाच्या धारेबरोबर बाहेर पडायला लागलं. एकदा नाव घेतलं आणि पाठीमागे कुणीतरी खोकल्याचा भास झाला. तिनं झटकन रुमाल सावरला. मागं कुणी नव्हतं. मग ती बादली बाजूला ठेवून तशीच बसून राहिली.

आता संशय घ्यायची पाळी राइखानची.

"जाऊबाई, गोठ्यात कुणाशी बोलता?"

"गाईशी."

"गाईशी रोज तेच तेच काय बोलता? मी दाराशी आले की गप्प होता. तुमच्याकडे दुसरा फोन आहे का?"

"माझी झडती घे."

"मी नाही घेणार झडती. पण माझी दोन पोरं शाळेत जातात या गावात. तुमच्यामुळं इथं कुणी आलं, तर मी काय सांगू?"

कुल्पाशनं खिसे उलटे करून दाखवले. एका खिशातून सुकवलेल्या दह्याच्या दोन खारट गोळ्या पडल्या, बाकी काही नाही. राइखाननं त्या उचलून तिच्या हातात ठेवल्या आणि मान फिरवून पाणी आणायला गेली. दोघी दोन दिवस बोलल्या नाहीत.

दुसऱ्या मुलाखतीच्या दिवशी कुल्पाश खुर्चीत बसली, चहा बाजूला सारला आणि अर्मातनं विचारायच्या आतच नाव घेतलं. स्पष्ट, एका दमात. लाल दिव्याकडे बघून.

तिला वाटलं सुटले. अर्मातनं लेखणी उचललीच नाही. तो तिच्याकडे बघत राहिला.

"दोन महिन्यांपूर्वी येत नव्हतं. आज शाळेतल्या कवितेसारखं आलं. कुणी पाठ करून घेतलं?"

"कुणी नाही. मीच केलं."

"घरच्या माणसाचं नाव पाठ करावं लागतं?"

आता बोला. न घ्यावं तर खोटी, घ्यावं तर जास्तच खोटी. कुल्पाशला इतका संताप आला की भीती दोन पावलं मागं गेली. "मग काय करू, सांग तरी," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिनं त्याला एकेरी संबोधलं होतं.

अर्मात उठून आतल्या खोलीत गेला आणि बाल्झानबाईंना घेऊन आला. त्या त्याच्या वरिष्ठ, निवृत्तीला आलेल्या, गुडघे धरून चालणाऱ्या, चेहऱ्यावर हसण्याचा मागमूस नाही. त्यांनी आधीचं सगळं टिपण वाचलं. ‘अक-आगा’ या शब्दावर त्यांचं बोट थांबलं. मग त्यांनी भिंतीशी उभ्या असलेल्या भल्यामोठ्या हिरव्या कपाटाकडे हात केला.

"बाई, ते कपाट कशाचं आहे?"

ही कसली नवी चाल, कुल्पाशला कळेना. "काळ्याचं," ती म्हणाली.

"हिरवं आहे की ते," अर्मात म्हणाला.

"रंग नाही विचारला त्यांनी. कशाचं केलंय ते विचारलं. काळ्याचं केलंय."

बाल्झानबाई अर्मातकडे वळल्या. "हिच्या सासऱ्यांच्या नावात लोखंड आहे का बघ."

अर्मातनं कागद चाळला आणि मान हलवली. होतं.

"पाठवलेली बाई असती तर पहिल्याच दिवशी सगळ्या खानदानाची नावं घडाघडा म्हणाली असती. अडते ती खरी सून. तुझ्या आजीनं तुझ्या आजोबांना काय म्हणून हाक मारली, कधी ऐकलंस का?" मग त्या कुल्पाशकडे वळल्या, आणि त्यांचा आवाज काही मऊ झाला नव्हता. "पण मग मला एक सांगा. ज्या बाईनं तेहतीस वर्षं लोखंडाला लोखंड म्हटलं नाही, ती आज थोरल्या दिरांचं नाव फडाफडा कसं घेते? माझी सासू मरून वीस वर्षं झाली, माझी जीभ अजून वळत नाही. जिवाच्या भीतीनं घेतलंत?"

कुल्पाश हो म्हणणार होती. तेच खरं होतं, टॅक्सीत तेच ठरलं होतं. पण गोठ्यातली ती सकाळ तिच्या डोळ्यांपुढं आली आणि तोंडून भलतंच आलं.

"भीतीनं सुरू केलं. मग कळलं, वेगळंच आहे. सून नाव घेत नाही, कारण घरात नाव घेणारे दहा जण असतात. सासरे हाक मारतात, सासू मारते, भाऊ मारतात. सुनेनं नाही घेतलं म्हणून अडत नाही काही, उलट शोभा असते. आता सासू-सासरे नाहीत. माझा नवरा नाही. त्यांच्या बायकोलाही नेलं. शाळेच्या पाटीवरचं नाव खरवडून काढलं, वही नेली. गावात कुणाला विचारलं तर सांगतात, असा कुणी मास्तर नव्हताच. बाई, मी मर्यादा पाळत बसले तर ते नाव घ्यायला उरलं कोण?"

बाल्झानबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग अर्मातला म्हणाल्या, "नीट लिही. आणि यांचा चहा गार झालाय, दुसरा आण."

"हाच चालेल," कुल्पाश म्हणाली, आणि तो गार चहा तिनं पिऊन टाकला.

कागद एकविसाव्या दिवशी आला. एका वर्षाचा आसरा, पुढचं पुढं. पाकीट कुल्पाशनं घेतलं, आधी फटीतून पोस्टमनची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघितलं, मग कडी लावली. उघडून तिनं तो राइखानपुढं धरला. अक्षरं अजून तीच होती, तिला न येणारी.

"वाच," ती म्हणाली. "सगळं वाच. काही गाळू नकोस."

राइखान चुलीपुढं बसून वाचायला लागली. कुल्पाशचं नाव वाचलं, जन्माचं गाव वाचलं, एक वर्षाची तारीख दोनदा वाचली. मग ‘धोक्याचं कारण’ असं म्हणाली आणि थांबली. बोट एका ओळीवर गेलं. बोट पुढं सरकेना. तिचा चेहरा लाल झाला होता.

"वाच ना."

"जाऊबाई, हे मला नाही वाचता येत."

"अक्षर लागत नाही?"

"अक्षर लागतं. अर्जात मीच लिहिलं होतं, आमच्या यांना फोनवर विचारून. लिहायला चालतं, कागद काही ऐकत नाही. पण मी पण याच घराची सून आहे. सासूबाईंनी सोळा वर्षं मला यातलं एक नाव तोंडातून काढू दिलं नाही." तिनं बोट तसंच ठेवून कागद पुढं सरकवला. "तुम्ही तिथं घेतलंत, तुम्हीच सांगितलंत ना. ही ओळ तुम्हीच वाचा."

कुल्पाश तिच्याकडे बघत राहिली. त्या दिवशीचं घुटमळणं, पुढं सरकलेलं बोट, पिठात पुरलेला पासपोर्ट, सगळं तिला एकदम आठवलं आणि शरमेनं मेल्यासारखं झालं. तिनं डोईवरचा रुमाल सारखा केला, दाराकडे पाठ करून राइखानशेजारी बसली, आणि तिच्या बोटाशेजारी आपलं बोट टेकवून, अक्षर ओळखत नसताना वाचलं:

"बेदेलखान. तेमिरबेकांचे थोरले."